बाभळीच्या झाप्याआड

मार्गशीर्ष शुद्ध ३, शके १८४५

झापा बाहेरून लावला यांनी. बाभळीच्या काट्यांचा, वरून दोर बांधून. मी काय पळून जाणार आहे? खाजवून खाजवून अंगाची चाळण झालीय, बोटांच्या बेचक्यांत फोड. वैद्यबुवांनी अंगणातूनच पाहिलं आणि ‘महारोग’ म्हणून मोकळे झाले. पाच महिन्यांचा त्रिंबक घरी, सासूबाईंपाशी. मी इथं, दिंद्रुडच्या शिवाराच्या टोकाला खोपीत. सोबत आईनं शिवलेली वाकळ आणि ही वही.

शुद्ध ५

दूध येतंच आहे. प्यायला कुणी नाही.

शुद्ध ९

वन्सं भाकरी घेऊन आल्या. “वैनी, त्रिंबक लई रडतो. निजतच न्हाई. तुमचा वास हुडकतंय लेकरू.”

मी वाकळ काढली आणि झाप्यावरून त्यांच्या अंगावर टाकली. म्हटलं, यात गुंडाळा, सासूबाईंना सांगू नका. आता थंडीनं दात वाजतायत — वाजू देत.

शुद्ध ११

निजला म्हणे! वाकळेत घातल्याबरोबर निजला. एकटीच हसत बसले.

मार्गशीर्ष वद्य ११

देवी टोचणारे दस्तगीरसाहेब वाटेनं चालले होते. माझं खाजवणं बघून थांबले. “महारोगात चामडी बधिर होते, बाई. टोचलं तरी कळत न्हाई. तुमी तर खाजवताय.”

झाप्यातून हात बाहेर काढायला लावला. बेचक्यातून सुईनं एक कण उकरला, नखावर ठेवला, वर भिंग धरलं. कण चालत होता! पाय होते त्याला.

“खरजेचा किडा हाय. कातडीत बीळ करून ऱ्हातो, अंडी घालतो. गंधक आन् तेल लावा. लेकराला लावायचं तर गंधक थोडा घ्या. कपडे उकळा. अन् पांघरूण कुनाला देऊ नका.”

पुढचं काही ऐकूच आलं नाही मला.

वद्य १२

वन्संच्या हातापाया पडले. वाकळ काढा, आजच उकळा. त्या रडायलाच लागल्या. “आईला काय सांगू? चोरून म्या नेली म्हनून? जित्ती गाडंल मला.”

त्यांना बोलून काय उपयोग? दिली मीच.

पौष शुद्ध १०

दस्तगीरसाहेबांनी दिलेला गंधक तेलात लावला, फोड वाळले. खाज गेली. हे खोपीसमोरच्या विहिरीपाशी येऊन उभे राहिले, महिन्यात पहिल्यांदा. “दस्तगीरसाब भेटले व्हते. वद्य पंचमीला नेतो घरी.” त्रिंबक कसा आहे विचारलं, तर “हाय,” एवढंच.

वद्य ४

उद्या. केस धुतले, लुगडं उकळून वाळत घातलं. तो ओळखेल ना मला?

वद्य ५

हे आले नाहीत. सासूबाई आल्या. कडेवर त्रिंबक, तळहातांवर तेच फोड. दोर सोडला, त्याला आत जमिनीवर ठेवलं, त्याच्यावर वाकळ टाकली. “तुजं तुला,” म्हणाल्या आणि गेल्या. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

उचलला. रडत होता, छातीशी धरला तसा गप्प झाला. मडक्यात गंधक आहे, तेल आहे. वाकळेसाठी आधण ठेवलंय.

झापा मीच ओढून घेतला. दोर आतून बांधला.