शेव खाल्ली का?

शनि. २ ऑगस्ट, नांदेड

लातूरहून सकाळची बस. अहमदपूरपर्यंत उभीच, पुढे जागा मिळाली. दादाला खुर्चीत बसवलं होतं. उजवा हात उशीवर, ठेवला तिथंच राहतो. "आले रे दादा," म्हटलं. "मंग," म्हणाला.

झटका आल्यापासून तोंडात एवढा एकच शब्द उरलाय. चहा हवा, मंग. चहा नको, मंग. मान कशालाही हलवतो, तिच्यावरही भरवसा नाही. मोटार-पंपाच्या दुकानात गिऱ्हाइकाला बोलून बोलून घाम फोडायचा, तो हा माणूस. मला राग येतो. कुणाचा, ते कळत नाही.

डॉ. म्हणतात मानेतली शीर अजून चोंदलेली आहे. ऑपरेशन लातूरला होईल. नाही केलं तर पुन्हा झटका येऊ शकतो, करताना पण येऊ शकतो. वर म्हणाले, पेशंटची स्वतःची तयारी आहे का ते एकदा बघा. बघा म्हणे! वहिनी जिन्यात येऊन रडल्या. "ताई, कुणाला इचारू मी? ह्येंनी मंग म्हणलं तर त्ये हाव समजू का न्हाई समजू?"

त्यांच्याशेजारी पायरीवर बसून राहिले.

रवि. ३ ऑगस्ट

"किल्ला" सापडला! इंटरनेटवर जुने खेळ जपून ठेवणारे लोक आहेत, देव त्यांचं भलं करो. खरं नाव लांबलचक इंग्रजी, आम्हाला कधी धड उच्चारता आलं नाही, म्हणून किल्ला. दादा विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होता तेव्हा होस्टेलवरून सीडी आणलेली. देगलूरच्या घरी अख्खी सुट्टी आम्ही दोघं त्याच्यापुढे. दादाच्या हातात माउस, माझ्या मांडीवर डिक्शनरी. दोघंही मराठी मीडियम, आणि खेळातला दरवान बोलणार राजे-महाराजांच्या काळातलं इंग्रजी. आज लातूरला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवते ती त्या दरवानाच्या कृपेने. प्राचार्यांना हे सांगण्यात अर्थ नाही.

चालू करायला मात्र अख्खी दुपार. दादाच्या नव्या लॅपटॉपला आधी आपण जुनाट मशीन असल्याचं सोंग घ्यायला लावावं लागतं. मग रंग जांभळे. मग आवाज नाही. मग आवाज आला तो पिठाच्या गिरणीसारखा. दोनदा लॅपटॉप आपटायच्या बेतात होते. शेवटी ते पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र आलं. डोंगर, किल्ला, बंद दरवाजा.

दादाने डावा हात पुढे केला आणि पडद्यावर ठेवला. मंग पण म्हणाला नाही.

शनि. ९ ऑगस्ट, नांदेड

राखी. डाव्या हाताला बांधली, उजवा जड पडतो म्हणून. "मंग," म्हणाला. ओवाळणी काय तर मंग. घेतली.

मग किल्ला, पहिल्यापासून. आपली माणसं आपण नेमायची, नावं द्यायची, पण नावाला सहाच अक्षरं, तीही इंग्रजी. तेव्हा लढवय्याचं नाव सखाराम ठेवायला गेलो तर जागा संपून नुसता "साखर" उरला होता. आत्ता पण साखरच ठेवलं. औषधपाणी करणारी गोदा, कुलपं उघडणारा पांडू. पांडू दर वेळी मरतो.

विसरलेच होते हा खेळ किती छळतो ते. कुठे जायचं, कुणी सांगत नाही. गावातला म्हातारा एकच वाक्य बोलतो, कितीदाही विचारा. गोदेच्या पिशवीत एक भाकरी जास्त झाली की बाई जागची हलत नाही. लांडग्याशी लढाई लागली, खाली अक्षरं येतायत: साखर चुकला. साखर चुकला. लांडगा चावला. साखर चुकला. मी ओरडले, "अरे मार की मेल्या!" वहिनी आतून पळत आल्या, त्यांना वाटलं दादाला काही झालं.

पण एक आहे. आपण सांगितल्याशिवाय लांडगा हलत नाही. दात विचकून उभा, पण उभा. आता माउस माझ्याकडे, दादा डाव्या बोटाने दाखवतो कुठे मारायचं. बोट उचलायला वेळ लागतो, चुकतं, परत उचलतो. व्यायाम घेणारा घाई करतो, पाहुणे घड्याळ बघतात, मी तर त्याच्या तोंडातला शब्द हिसकून घ्यायला टपलेली असते. लांडगा थांबतो.

रवि. १० ऑग.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

विहिरीवर एक जोगी भेटतो. म्हणतो, तलवार द्या, किल्ल्याची वाट दाखवतो. खाली आकडे घालून आपली उत्तरं. १. देतो. २. देत नाही. ३. आधी सांग, वाट जाते कुठे? मी चुकून एकवर चालले होते. दादाने फाडकन माझ्या हातावर मारलं! आणि बोट तीनवर. तिथंच. हललं नाही.

जोगी लबाड आहे. देगलूरला त्याने आम्हाला नागवलं होतं. मी विसरले, दादा विसरला नाही.

वहिनी मेथी निवडत होत्या. म्हटलं, "वहिनी, याला कळतंय! सगळं कळतंय!"

"मला ठावं हाय त्ये," वहिनी म्हणाल्या. "तुमालाच आत्ता कळलं."

लागलं जरा. खरं आहे पण.

गुरु. १४ ऑगस्ट, लातूर

दोन तासांच्या मध्ये स्टाफरूममध्ये वहिनींचा फोन. रडतायत का हसतायत कळेना. "ताई, बोलले! दुसरा शब्द बोलले! शेव म्हणाले, एकदम ठासून, शेव!"

म्हटलं, "सगळं सांगा, पहिल्यापासून."

पुढचं ऐकलं तर हसू का रडू झालं. वहिनी गल्लीच्या टोकावरून शेव घेऊन आल्या. कडक चालत नाही म्हणून दुधात भिजवली आणि चमच्याने भरवायला गेल्या. दादाने वाटी उडवून दिली. दूध भिंतीवर, शेव वहिनींच्या केसात. "शेव! शेव!" म्हणून ओरडून राहिला. तिखट नको असेल म्हणून बिचाऱ्या फिकी घेऊन आल्या. ती पण उडवली.

विचारलं, "म्हणाला तेव्हा काय चाललं होतं?"

"काही न्हाई वो. तुमचा त्यो खेळ नुसता लावून ठेवला व्हता समोर, अन् लाईट गेली."

लाईट गेली. अगं बाई.

शनि. १६ ऑगस्ट, नांदेड

वहिनींना समोर बसवून सांगितलं. देगलूरला तेव्हा भारनियमन. लाईट कधी जाईल नेम नाही, आणि गेली की खेळात केलेलं सगळं पाण्यात. म्हणून जरा पुढे गेलं की खेळ सेव्ह करायचा. दादा त्याला शेव म्हणायचा. लढाईच्या आधी मला विचारणार, "बारके, शेव खाल्ली का?" म्हणजे सेव्ह केलं का. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आत्ताच जेवलाव नं रे, शेव कशाला?" आणि तरी वाटी भरून आणून द्यायची. पुढे पुढे तर डबाच ठेवायला लागली, बारीक, लाल. आल्यागेल्याला सांगायची, माझी लेकरं शेवेला लई येडी. आई गेली तोवर तिला तेच वाटत होतं. आम्ही कधी सांगितलं नाही, शेव बंद झाली असती.

वहिनी ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजी मी त्यांच्या नाकातोंडात दूध घालून राहिले, अन् त्ये म्हणून राहिले सेव्ह करा." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. दादा पण हसला, एका बाजूने. या घरात किती दिवसांनी.

तेव्हाच सुचलं. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी एक पाटी दिली आहे, तिच्यावर कप आणि गाय काढून विचारतात, दादाला त्याचा अपमान वाटतो. ती पुसली. जोग्यासारखं लिहिलं:

१. ऑपरेशन करायचं.
२. करायचं नाही.
३. आधी नीट सांगा.

दादाने वाचलं. खूप वेळ. मी ओठ चावून गप्प बसले, लांडग्यासारखी. बोट तीनवर.

इतके दिवस आम्ही सगळे याच्या डोक्यावरून बोलत होतो. याला कुणी काही सांगितलंच नव्हतं! ना डॉ.नी, ना मी. पेशंटची तयारी आहे का म्हणे. पेशंटला माहिती तरी आहे का?

मंगळ. १९ ऑग., नांदेड

रजा टाकली. डॉ.समोर दादाला नेलं आणि म्हटलं, मला नाही, त्याला सांगा. डॉ. चांगले निघाले. मानेचं चित्र काढलं, शीर काढली, कुठे कापणार, काय बिघडू शकतं, सगळं. दादा चित्राकडे बघत होता, बंद पडलेल्या मोटारीकडे बघतो तसा. मध्येच चित्रावर बोट ठेवून "मंग?" म्हणाला. हा मंग वेगळा होता. तो प्रश्न होता, आणि डॉ.ना कळला.

घरी पाटी. बोट एकवर.

वहिनी उठल्या. पाटी उचलली, पुसली, आणि उलटं लिहिलं. वर "नाही", मध्ये "आधी सांगा", शेवटी "करायचं". बोट तीनवर गेलं. परत पुसून वेगळं लिहिलं. बोट परत "करायचं"वरच. मग पाटी खाली ठेवली. "बरं," म्हणाल्या. "गणपतीतल्या लक्ष्म्या उठल्या की जाऊ."

माझ्या डोक्यात हे आलं नसतं.

रवि. २४ ऑगस्ट, नांदेड

किल्ल्याच्या दरवाजाशी पोचलो. साखर, गोदा, आणि नवलच, पांडूसुद्धा जिवंत.

देगलूरला आम्ही इथंच संपलो होतो. हा खेळ एकच सेव्ह ठेवतो, नवं केलं की जुनं पुसलं. त्या दिवशी वारा सुटलेला, लाईट जाणार असं वाटलं, आणि आम्ही घाईघाईने दरवाजाच्या आत जाऊन शेव खाल्ली. दरवाजा मागे बंद झाला. किल्ली बाहेर राहिली. मग मागे जाता येईना, पुढे जाता येईना. साखर अजून तिथंच उभा असेल. दादा त्या दिवशी जेवला नाही आणि किल्ला परत कधी लावला नाही. चुकीच्या जागी सेव्ह केलं की खेळ सांगतसुद्धा नाही. नव्या खेळांत असं होत नाही म्हणे. तिथे बाण दाखवतात, पडलं तर उचलून उभं करतात. बरं असेल. मला माहीत नाही.

आज किल्ली आहे. मी दरवाजावर माउस नेला. दादाने माझं मनगट धरलं. डाव्या हातात चांगला जोर आहे. मान हलवली आणि या वेळी मला अर्थ कळला: आत्ता नाही.

"नंतर?"

"मंग," म्हणाला.

दरवाजाबाहेर, मोकळ्या जागेत सेव्ह केलं. त्याची आणखी एक नक्कल काढून पेन ड्राइव्हवर ठेवली. दादाला दाखवली. मला भीती वाटते. इथे तरी लिहिते, कुणाला म्हणता येत नाही. सगळे म्हणतात तुम्ही धीराच्या, ताई. कसली धीराची.

बुध. ३ सप्टें., लातूर

दोघं आले. दादाला ॲडमिट केलं. तपासण्या झाल्या. वहिनी माझ्याकडे जेवायला आल्या आणि भांडी घासून गेल्या, ऐकत नाहीत. सह्या माझ्या आणि वहिनींच्या. दादाने डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. इंजिनिअर माणूस. लाजला नाही, मीच लाजले.

गुरु. ४ सप्टें., लातूर

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे.

सकाळी न्यायला आले. हिरवे कपडे घातलेला दादा एवढासा दिसत होता. चाकाच्या खाटेवर घेतलं. मी एका बाजूला, वहिनी दुसऱ्या. मोठ्या दाराशी थांबलो. इथून पुढे आपल्याला जाता येत नाही.

त्याने माझं मनगट धरलं. तोंड हललं, नुसतं हललं. नर्सबाई घाईत होत्या, मी हात वर करून त्यांना थांबवलं. थांबल्या.

"बारके," म्हणाला. "शेव?"

बारके. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

नर्सबाई म्हणाल्या, "काका, आज काही खायचं न्हाई हं. उपाशीपोटी ऱ्हायाचंय. शेव-बिव उद्या."

दादा हसला. अर्ध्या तोंडाने, पण पोटातून, खाट हलली. वहिनी हसल्या. मी हसता हसता रडायला लागले आणि नर्सबाई आमच्याकडे बघत राहिल्या.

काय सांगणार होते मी त्याला? इथे नाही होत रे सेव्ह. दार मागे बंद होतं ते होतंच. तो इंजिनिअर आहे, त्याला माहीत आहे.

"खाल्ली, दादा," म्हटलं.

त्याने मनगट सोडलं. दार बंद झालं.

आता आम्ही दोघी बाहेर. डॉ. म्हणाले, वेळ लागेल. चहावाला येऊन गेला, घेतला नाही. मघाशी वहिनींनी पिशवीतून कागदात बांधलेला पुडा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. बारीक, लाल. कुठून शोधून आणली देव जाणे.

म्हटलं, "वहिनी, तुम्हाला सांगितलं ना, त्याचा अर्थ तो नाही."

"ठावं हाय," म्हणाल्या. "बाहीर आल्यावर म्हणले, तर आपल्याजवळ असावी."

दार अजून उघडलेलं नाही. पुडा मांडीवरच आहे.