क्लच पूर्ण दाबला होता

६ ऑक्टो., सोम.
गाडी चालू झाली नाही. किल्ली फिरवली, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले, रेडिओवरची बाई बोलायला लागली, आणि इंजिन ढिम्म. टकटक नाही, घुरघुर नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा.
घराजवळून, बुकित पंजांगहून एलआरटीची छोटी ट्रेन, मग मेट्रोची डाउनटाउन लाइन या टोकापासून त्या टोकापर्यंत. चांगी बिझनेस पार्कच्या ऑफिसात पोचेस्तोवर दहा वाजून गेले. एक्स्पो स्टेशनला जिना उतरताना डावा पाय अडखळला. नवे बूट.
सुनंदाचं निदान तयार होतं. "अहो, दसऱ्याला गाडीची पूजा केली नाहीत." दसऱ्याला मी ऑफिसात क्वार्टरचे हिशेब जुळवत बसलो होतो. बायकोने हे बरोबर लक्षात ठेवलंय.

८ ऑक्टो., बुध.
अर्धा दिवस रजा. मीटर लावला, बॅटरी १२.६ व्होल्ट. हेडलाइट झगझगीत. म्हणजे बॅटरी नाही. फ्यूज एकेक काढून पाहिले, ठीक. स्टार्टरवर पान्याने दोनदा ठोकलं, हा साताऱ्याच्या मामाचा इलाज. फरक शून्य.
नवव्या वेळी आपोआप चालू झाली. आनंद व्हायला हवा होता. पण कारण कळलं नाही म्हणजे दुरुस्त झाली नाही, हे मी ऑफिसातल्या पोरांना रोज ऐकवतो.

११ ऑक्टो., शनि.
लिटिल इंडियातून झेंडू आणि लिंबं आणली. पार्किंगच्या चौथ्या मजल्यावर राहिलेली पूजा केली. हळदकुंकू, हार, चार चाकांखाली चार लिंबं. आता गाडी पुढे घ्यायची, लिंबं चिरडायची. किल्ली फिरवली. ढिम्म.
सुनंदा आरतीचं तबक घेऊन उभी. शेजारच्या गाडीतलं चिनी जोडपं बघतंय. मला घाम. क्लच पूर्ण दाबला होता, गिअर न्यूट्रलला होता. सगळं बरोबर होतं.
शेवटी लेकीने, ईशाने, आणि त्या चिनी गृहस्थाने धक्का मारला. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, आणि झाली चालू! ऑटोमॅटिकला हे जमत नाही, म्हणून तर मी आयुष्यभर गिअरची गाडी चालवली. ईशाला सांगितलं तर म्हणते, "बाबा, जस्ट स्क्रॅप इट लाह." हिचं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं. सुनंदाने कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. या घरात ती गाडी मी एकटाच चालवू शकतो. बरं वाटतं, खोटं कशाला लिहू.

१३ ऑक्टो., सोम.
आज सुरू झाली, पण पीआयई महामार्गावर दुसरा गिअर टाकताना करकर. क्लच नीट सुटत नाहीये. तेल कमी असेल? घरी येऊन पाहिलं, तेल काठोकाठ.
पायाखालचा नवा जाड मॅट काढून टाकला. पेडल त्याला अडत असणार. मॅट काढल्यावर तीनदा चालू केली, तिन्ही वेळा झाली. सापडलं!

१५ ऑक्टो., बुध.
दोष मॅटचा नव्हता. सकाळी परत ढिम्म.
आह सेंगला फोन केला. गेली दहा वर्षं गाडी त्याच्याच गॅरेजात जाते. तो स्वतः आला, पेडलच्या वरच्या स्विचच्या वायरी काढल्या, एका तुकड्याने एकमेकींना थेट जोडल्या. इंजिन लगेच फिरलं. म्हणाला, क्लच तळापर्यंत गेला तरच हा स्विच स्टार्टरला करंट सोडतो. स्विच गेला, बॉस. नवा बसवला. मी मान हलवली. स्विच म्हटल्यावर फार हलकं वाटलं, हे लिहून ठेवतो. का वाटलं, ते नाही लिहीत.

१८ ऑक्टो., शनि.
नवा स्विच, तीच गत. आह सेंग पुन्हा आला.
तो बसला. पहिल्या झटक्यात चालू. बंद, चालू, बंद, चालू. दहापैकी दहा.
मी बसलो. दहापैकी तीन.
तो दार उघडून गुडघ्यांवर बसला, माझ्या पायाशी टॉर्च धरला. "बॉस, प्रेस अगेन." दाबला. "अगेन." दाबला. "नॉट गोइंग ऑल द वे ले." मी म्हटलं, पूर्ण दाबलाय. त्याने वर बघितलं, मग माझ्या डाव्या गुडघ्यावर स्वतःचा हात ठेवला आणि हळूच खाली रेटलं. किल्ली फिरवली. चालू.
हात काढला. बंद करून परत फिरवली. नाही.
त्याने टॉर्च विझवला. त्याच्या आईचं काहीतरी सांगत होता, मी ऐकलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, "गो सी डॉक्टर, बॉस. डोन्ट वेट."
आमच्या बँकेत एकाने नोंद केली की दुसऱ्याने तपासायची, त्याशिवाय पुढे जात नाही. मी बॅटरी तपासली, फ्यूज तपासले, स्टार्टर, तेल, मॅट, स्विच. मला तपासायला घरात दुसरा नव्हता.

२० ऑक्टो., सोम., दिवाळी
सगळे चकल्या खात होते तेव्हा बाथरूममध्ये जाऊन उजव्या पायाच्या चवड्यावर उभा राहिलो. जमलं. डाव्या चवड्यावर टाच उचललीच नाही. भिंत धरली, तरी नाही. शिवणाच्या डब्यातली टेप आणून मांड्या मोजल्या. डावी दोन सेंटिमीटर बारीक.
सुनंदाने बाहेरून हाक मारली, "अहो, किती वेळ?" आलो म्हटलं. टेप खिशातच राहिली.
भीती वाटते. एवढं सरळ वाक्य लिहायला दोन दिवस लागले.

२४ ऑक्टो., शुक्र.
ऑफिसच्या विम्यावर न्यूरॉलॉजिस्ट. सुनंदाला मीटिंग सांगितली. तरुण आहे, बोलायला चांगला. हातोडीने गुडघे ठोकले, मांडीकडे बराच वेळ बघत बसला. तिथलं मांस आपोआप फडफडत होतं. मला वाटायचं, थकव्याने होतं. सगळ्यांचंच होत असेल.
मणक्यात नस दाबली गेली असेल, म्हणाला, किंवा दुसरं काही. दुसऱ्याचं नाव त्याने घेतलं नाही आणि मी विचारलं नाही. हिशेबात एक डॉलरचा फरक आला तरी मी तासभर विचारत बसतो.

३ नोव्हें., सोम.
नसांची तपासणी. सुया टोचतात आणि मशीन खरखरतं. एमआरआय सकाळीच झाला. रिपोर्ट पुढच्या मंगळवारी, अकरा तारखेला.
स्टेशनवरून घरी चालत आलो, जिना टाळून लिफ्ट घेतली. सुनंदा विचारते, गाडी का काढत नाही? म्हटलं, पार्ट यायचाय. मला खोटं बोलायला जमत नाही असं ती लोकांना अभिमानाने सांगते.

९ नोव्हें., रवि.
गाडी तीन आठवडे उभी. आता बॅटरी खरंच बसेल. सकाळी सुनंदाला म्हटलं, पाच मिनिटं खाली ये, मदत हवी.
तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. साडी सावरत बसली, हसत होती. "मला कुठे चालवायला लावताय!" चालवायची नाही, फक्त डाव्या पायाने हे दाबायचं, पार तळापर्यंत. गिअर न्यूट्रलला आहे ना, दोनदा पाहिलं. मी उघड्या दारात उभा, आत वाकून किल्ली धरलेली.
तिने दाबलं. फिरवली. पहिल्या झटक्यात चालू. ती दचकली, पण पाय काढला नाही.
"एवढंच? मग तुम्ही का नाही दाबत?"
"मला दाबता येत नाही."
"म्हणजे?"
"पायात जोर नाही. गाडीला काही झालेलं नाही, सुनंदा."
इंजिन चालू होतं, मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही.
"कधीपासून?"
"दसऱ्यापासून कळतंय. आधीपासून असेल."
"डॉक्टर?"
"मंगळवारी रिपोर्ट. साडेदहाला."
"मीटिंग म्हणालात ती हीच होती का?"
हो म्हटलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.
"मंगळवारी मी येणार," म्हणाली. मग म्हणाली, "ईशाला आज सांगू, जेवताना." मी हो म्हटलं.
तिचा पाय कापायला लागला होता. आता सोडलास तरी चालेल, म्हटलं. तिने सोडला नाही.