शनिवारचं फुकट काम

३ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. फोनवर तुम्ही एका हाताने किल्लीवर कानस चालवत नुसतं हो-हो म्हणता आणि दुसऱ्या दिवशी आत्याला विचारता की ठमी काय म्हणत होती. त्यापेक्षा आत्याचीच युक्ती बरी. मी लिहीन, ती छापून तुमच्या हातात देईल. तुम्ही लिहा, ती फोटो काढून मला पाठवेल. तिला तेवढंच तुमचं अक्षर सुधारायला मिळेल.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून खालच्या धोबीखान्याचं मागचं अंगण दिसतं आणि दिवसभर साबणाचा वास येतो. माझ्या दाराचं कुलूप तुम्ही पाहिलंत तर नाक मुरडाल. जरा जोरात ओढलं की किल्लीशिवाय उघडतं.

पहिल्याच आठवड्यात परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागारांनी आम्हाला समोर बसवून नियम सांगितले. सडपातळ गृहस्थ, हसत नाहीत, पण प्रत्येकाचं नाव पाठ आहे. तुम्ही इथे शिकायला आला आहात, म्हणाले. काम करायचं तर विद्यापीठाच्या आवारात, ठरल्या तासांपुरतं, आणि तेही माझी लेखी परवानगी आधी घेऊन. बाहेर काम करायचं नाही. मी लगेच अर्ज केला आणि ग्रंथालयात पुस्तकं जागेवर लावण्याचं काम मिळालं.

आता खरी गंमत. कोपऱ्यावर किल्ल्या करून देणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई आहेत. मैत्रिणीच्या पेटीची किल्ली त्यांच्याकडून करून आणली, ती लागेना. परत गेले तर बाईंचा हात थरथरत होता. मला राहवलं नाही. मी त्यांच्याच पुढ्यातली कानस उचलून दोन दाते सारखे केले. बाईंनी ती चष्म्यावरून निरखली, मग म्हणाल्या की शनिवारी रिकामी असशील तर येऊन बसत जा. जाऊ का?

आत्याला नमस्कार. गुडघा कसा आहे ते तिने लिहावं, तुम्ही नाही.

आपली,
ठमी


१० ऑक्टोबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कानस तू कशी धरलीस ते लिहिलं नाहीस. अंगठा वर होता ना?

शनिवारी जरूर जा. हात बसून राहिला की सुस्तावतो, आणि पुस्तकं लावून काही हात तयार होत नाही. पण एक पैसा घ्यायचा नाही. आपल्या धंद्यातल्या माणसाला हातभार लावला तर त्याचे पैसे घेत नाहीत, हे तुला सांगायला नको. माझे वडील तापात होते तेव्हा बाजारातल्या कुलूपवाल्यांनी आपलं दुकान आळीपाळीने सांभाळलं, त्यांनी काय पगार घेतला? तुझ्या सल्लागारांचा नियम नोकरीचा आहे. पैसाच घेतला नाही तर नोकरी कसली?

तुझी आत्या म्हणते की आधी विचारून घे. तिची सगळी हयात कचेरीत गेली, ती पाणी पिण्याआधीही परवानगी मागेल. तिचा गुडघा बरा आहे. हे मीच लिहिलं.

इकडे काल एक जोडपं आलं. दोघांनी दोन वेगवेगळी कुलपं निवडली आणि दुकानातच भांडले. शेवटी दोन्ही घेऊन गेले. संसार टिकेल असं वाटतं.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
बाबा


१५ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

अंगठा वर होता. दर पत्रात विचारता म्हणून एकदाचं लिहिलं.

थंडीचं विचारलंत. किल्लीवाल्या बाईंनी मला त्यांच्या मुलीचा जुना कोट दिला. मुलगी दूर असते, वर्षातून एकदा येते. मी नको म्हणत होते, पण त्यांनी सरळ अंगावर चढवला आणि बटणं लावली. शनिवारी त्या मला जेवायलाही बसवतात. आता अवघड किल्ल्या त्या माझ्यासाठी बाजूला ठेवतात आणि गिऱ्हाइकाला शनिवारी या म्हणून सांगतात. तुम्ही इथे असतात तर तुम्ही दोघांनी मिळून यंत्रावर केलेल्या किल्ल्यांना शिव्या घातल्या असत्यात.

मोठी बातमी वेगळीच आहे. संग्रहालयात धातूच्या जुन्या वस्तू जपण्याची कार्यशाळा आहे, तिथे आमचे तास होतात. तिथे एक लोखंडी पेटी आहे. झाकणाच्या आत खिट्ट्यांचं जाळं असावं असा नुसता अंदाज आहे, कारण गेल्या कित्येक वर्षांत ती कुणालाच उघडता आलेली नाही. फोडायची तर नाही. मी तिला कान लावून बसले आणि दोन खिट्ट्या कुठे असतील ते सांगितलं. आमच्या प्राध्यापिकांनी तपासणीच्या यंत्राखाली पाहिलं, तर त्या तिथेच निघाल्या! बाबा, त्या मला अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष कार्यशाळेत घेणार म्हणतात. पगारी शिकाऊ म्हणून. आणि ती पेटी माझ्याकडे देणार.

नियम असा, की शिक्षणानंतर काम करता येतं, पण फक्त आपल्याच विषयातलं. संग्रहालयाचं पत्र लागतं, आणि अभ्यासक्रम संपायच्या आत सल्लागारांची मंजुरी लागते. एकदा संपला की मग कुणी काही करू शकत नाही, सामान बांधायचं. वर्ष झाल्यावर मात्र मला परतावंच लागेल आणि दोन वर्षं घरी राहावं लागेल. ज्या योजनेतून मी इथे शिकायला आले, तिच्यात ते लिहूनच दिलेलं आहे. हे कलम कुणा बापाने घातलंय अशी माझी खात्री आहे.

मला हे वर्ष फार हवंय. इतकं काही मी कधी मागितलेलं नाही.

आपली,
ठमी


२३ जानेवारी

चि. ठमीस आत्याचे आशीर्वाद.

पेटीची हकीकत तुझ्या बाबाने प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवली. दूधवाल्याला दोनदा. आता तो बाहेर गेलाय म्हणून मी निवांत लिहिते.

तू मागे पाठवलेली नियमांची पुस्तिका मी आज पहिल्या पानापासून वाचली. तुम्हा बापलेकींपैकी कुणी ती वाचलेली नाही हे उघड आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय, की ज्या कामासाठी एरवी कुणाला तरी पगार द्यावा लागला असता, ते फुकट केलं तरी ते कामच. आणि मोबदला म्हणजे नुसते पैसे नव्हेत. जेवण आलं, वस्तू आली, सगळं आलं. म्हणजे तो कोट आला. परवानगी न घेता असं काम केलेल्याला पुढची मंजुरी नाकारता येते, असंही पुढच्याच पानावर आहे.

आधी विचारून घे म्हटलं तर माझी टिंगल झाली. जाऊ दे. आता शनिवारी जाणं बंद कर आणि या विषयावर तोंड उघडू नकोस. कचेरीत न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कधी द्यायचं नसतं, एवढं माझ्याकडून शिक.

घाबरून जेवण सोडू नकोस. तू तशी आहेस म्हणून सांगते.

तुझी,
आत्या


४ फेब्रुवारी

ती. बाबा आणि ती. आत्या यांस,
सा. न. वि. वि.

आत्या, तो प्रश्न विचारलेला आहे. मंजुरीच्या अर्जातच आहे: परवानगी दिलेल्या कामाशिवाय आणखी कुठे काम केलं आहे का? खाली सही करायची. अर्ज माझ्या टेबलावर पडून आहे आणि मी त्याच्यावर वह्या ठेवते, म्हणजे तो दिसत नाही.

शनिवारी जाणं बंद केलं आणि किल्लीवाल्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांना धक्काच बसला. मग म्हणाल्या, कुणी विचारलंच तर सांगेन की ही माझ्याकडे गप्पा मारायला येते, कानसेला हातही लावत नाही. माझ्यासाठी त्या खोटं बोलायला तयार आहेत. मैत्रिणींचं म्हणणं, ‘नाही’ लिही आणि मोकळी हो, कोण बघायला येतंय? आणि खरंच बाबा, कोणी येणार नाही. दुकान गल्लीच्या आत आहे, बाहेर साधी पाटीसुद्धा नाही.

प्राध्यापिका रोज विचारतात की अर्ज दिलास का. त्यांनी पेटीसाठी खिडकीजवळचं टेबल रिकामं करून घेतलंय.

मला ‘नाही’ लिहायचंय. पण तुम्हाला विचारल्याशिवाय हात धजत नाही. लवकर लिहा.

आपली,
ठमी


६ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

आधी चूक कोणाची ते सांगतो. माझी. तू विचारलंस आणि मी मोठ्या तोऱ्यात जा म्हणालो. पैसा नाही तर काम नाही, हे आपल्या बाजारापुरतं खरं. तिथे लिहिलेलं वाचायला हवं होतं. आत्याने दोन दिवस मला एका शब्दाने बोल लावला नाही. ते जास्त लागलं.

आता तुझा प्रश्न. या वस्तीतल्या बहुतेक घरांची किल्ली एकदा तरी माझ्या हातातून गेली आहे. मनात आणलं तर मी एकेक जास्तीची करून खिळ्याला टांगून ठेवू शकलो असतो. कोण बघायला येणार होतं? लोक रात्री झोपतात ते कुलपाच्या भरवशावर नाही झोपत, ठमे. मी दुसरी किल्ली केली नसेल, या भरवशावर झोपतात. तू ज्या पेटीला हात लावणार आहेस, तीही कोणीतरी याच भरवशावर तुझ्या हाती देणार.

म्हणून खरं लिही. म्हाताऱ्या बाईंना खोटं बोलायला लावू नकोस, त्यांनी तुला पोटच्या पोरीसारखं जेवू घातलंय. सल्लागारांना सांग की माझ्या बापाने जा सांगितलं होतं, त्याला काय बोलायचं ते बोला.

आत्याला हे पटलेलं नाही. तिने एवढंच म्हटलं की पत्राचा फोटो मी काढते, पण माझं मत वेगळं आहे ते कळव. कळवलं.

मला रात्री झोप लागणार नाही. तू मात्र झोप.

तुझा,
बाबा


२ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मंजुरी मिळाली नाही.

मी सगळं लिहून दिलं होतं: शनिवार, जेवण, कोट. सल्लागारांनी दोनदा बोलावलं. तुमचा निरोपही दिला. ते म्हणाले, वडिलांची परवानगी आमच्या नियमात बसत नाही. पहिल्यांदाच किंचित हसले, म्हणून मला आशा वाटली. पण मग समजावून सांगितलं, की एखाद-दुसरा दिवस असता तर ताकीद देऊन भागवलं असतं. मी महिनोन्‌महिने जात होते, गिऱ्हाइकांना माझा वार सांगितला जात होता. याला गप्पा म्हणता येत नाही. प्राध्यापिका त्यांच्याशी भांडून आल्या, त्यांचाही उपयोग झाला नाही. अभ्यासक्रम मात्र पुरा करता येईल, पदवी मिळेल. त्यानंतर परत.

दारापर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, इतक्या वर्षांत असं आपण होऊन सांगायला माझ्याकडे कोणीच आलेलं नाही. मी बाहेर जिन्यात बसून खूप रडले. तुमचा राग आला होता बाबा. खोटं कशाला सांगू, अजून थोडा आहे. आत्याचं ऐकलं असतं तर, असं दिवसातून चारदा मनात येतं.

आणि तरी, तिथे ‘नाही’ लिहून मी त्या पेटीसमोर बसू शकले असते का, तर नसते. हेही तितकंच खरं आहे. दोन्ही एकदम कसं खरं असतं ते मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर लिहा.

आपली,
ठमी


५ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र आत्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, तूच घे आणि तूच वाच, पण मला चष्मा सापडेना. तो कपाळावर होता.

दोन्ही एकदम कसं खरं असतं, ते मलाही कळत नाही. माझ्या बाबतीत काय झालं तेवढं सांगतो. मंजुरी मिळाली नाही हे ऐकल्यावर मला आनंद झाला. ठमी येणार, घरात पुन्हा कोणी कुरकुर करत उठणार, असं आलं मनात. मग वाईट वाटलं. खूप वाटलं. पण आनंद आधी झाला, क्रम तोच होता. तुला खरं लिहायला लावून मी असा निघालो. तुझ्यापासून ते लपवलं असतं तर तुला दिलेला सगळा उपदेश फुकट गेला असता, म्हणून लिहिलं. आत्या म्हणाली, हे लिहू नकोस, पोर आणखी चिडेल.

चीड. तुझं वर्ष गेलं, तेही माझ्या दोन सल्ल्यांपायी, एक चुकीचा आणि एक बरोबर. मी त्याची भरपाई करू शकत नाही आणि करीन असं म्हणणारही नाही. राहिलेले महिने प्राध्यापिकांकडून जे जे मिळेल ते शिकून घे. त्या टेबलाशी जितकं बसू देतील तितकं बस. किल्लीवाल्या बाईंकडे जात जा, हात खिशात ठेवून.

राग जपून आण. पत्रात संपवू नकोस. इथे ये, माझ्यासमोर बस आणि पोटभर रागाव.

कळावे, लोभ कमी झाला असला तरी चालेल, पण असू द्यावा.

तुझा,
बाबा