बुटकी सुई

४ फेब्रुवारी, मंगळवार

एक सुई बुटकी निघाली!

दाताच्या मुळात घालतात त्या सुया. आमच्या डॉक्टर बाई त्यांना फाईल म्हणतात, मी सुया म्हणते, सुयाच आहेत त्या. धुऊन झाल्या की फडक्यावर ओळीनं लावते आणि टोकांवरून अंगठा फिरवते. सगळी टोकं एका रेषेत लागली की डबीत, डबी वाफेच्या मशीनमध्ये. हातमोजे काढूनच फिरवते. बाई ओरडतात त्यावरून. पण मोज्यातून बोटाला दिसत नाही!

आज एकदा फिरवला. परत फिरवला. जांभळ्या मुठीची एक लागलीच नाही. बाकीच्यांपेक्षा नखाच्या कडेएवढी कमी.

सकाळी सगळ्या पुऱ्या होत्या, मीच लावल्या होत्या. म्हणजे टोक मोडलं. आणि आज मुळाचं काम एकच झालं — आमच्या वन्संचं.

बाईंना बोलले नाही. सुई कागदात गुंडाळून पाकिटात टाकली. डबीत त्याच मापाची नवी ठेवली.

मशीनची वाफ लागली की काय, अंगठा चुरचुरतोय.

५ फेब्रुवारी, बुधवार

कशात लक्ष नाही. दोनदा एकच ट्रे धुतला.

वन्संना इथं आणलं कुणी? मीच. त्या दात काढूनच टाका म्हणत होत्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या जुन्या गावी कुणीतरी त्याच दाताचं रूट कॅनाल करून वर टोपी बसवली. तेव्हापासून गार लागलं हाय, गरम लागलं हाय, वारा लागला हाय. सहा वर्षं आमच्याकडे राहतात, सहा वर्षं ऐकतेय. तीन ठिकाणी एक्स-रे काढले, तिन्ही ठिकाणी सांगितलं, दात चांगला आहे. मग मी त्यांचं नाव ठेवलं हाय-हाय. पाठीमागे. बरं, कधी कधी तोंडावरही.

मीच म्हटलं, काढण्याआधी आमच्या बाईंना दाखवा, त्यांच्याकडे बगळा आलाय. बगळा म्हणजे नवा मायक्रोस्कोप. भिंतीतून लांब मान काढून तोंडावर वाकतो, म्हणून. केसाएवढी भेग पडद्यावर रस्त्याएवढी दिसते. काल बाई दोन तास त्यात डोळे घालून बसल्या होत्या. जुनी टोपी काढली, दोन मुळं साफ केली. तिसऱ्याचं तोंड बुजलंय, पुढच्या मंगळवारी बघू, म्हणाल्या. आणि मग बराच वेळ गप्प होत्या.

गप्प का होत्या?

६ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं तर बाईंच्या हातावर आळ. नाही सांगितलं तर वन्संच्या जबड्यात सुईचं टोक, आणि मला माहीत असून. कात्रीत सापडलेय.

की बाईंना माहीत आहे आणि त्याच लपवतायत? नऊ वर्षं काम करतेय त्यांच्याकडे. असला विचार आला म्हणून स्वतःचाच राग आला. पण आला तर खरा.

वन्संना विचारलं, दुखतंय का. म्हणाल्या, नेहमीसारखंच. म्हणजे काय समजायचं! ह्यांना सांगावं म्हटलं तर हे म्हणाले, ताईचं दुखणं कधी थांबलंय. आणि गेले बूट पुसायला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अंगठा सुजला. साबणानं असेल. जेवताना वन्संचं लक्ष गेलं, म्हणाल्या, दाखव कुणाला तरी. मी म्हटलं, मी तुमच्यासारखी हाय-हाय करणाऱ्यातली नाही.

त्या ताट घेऊन उठल्या. अर्धं जेवण तसंच.

तोंडाला कुलूप का नाही माझ्या! जिथं बोलायचं तिथं मात्र बरोब्बर आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं एकदाचं. शेवटचा पेशंट गेल्यावर सुई कागदातून काढून बाईंच्या पुढ्यात ठेवली.

बाईंनी ती उजेडात धरली, दुसरीशी ताडून पाहिली. रंग उतरला त्यांचा. म्हणाल्या, टोक मोडलं तर हाताला कळतं, मला कळलं नाही. मी म्हटलं, तुमच्या हाताचं तुम्हाला माहीत, माझ्या अंगठ्याला ही बुटकी लागली. म्हणाल्या, चार दिवस गप्प का बसलात? मी फडकं उचललं. उत्तर त्यांनीच दिलं.

"मावशी, मी लपवीन असं वाटलं ना तुम्हाला?"

लादी पुसत राहिले. पुसलेलीच होती.

१० फेब्रुवारी, सोमवार

वन्संना घेऊन गेले. डोक्याभोवती फिरून फोटो काढतं त्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून उभं केलं. हलू नका म्हटलं तर श्वासही धरून बसल्या. बाई म्हणाल्या, साध्या एक्स-रेत एका मुळाच्या मागे दुसरं लपतं, यात दात चारी बाजूंनी फिरवून बघता येतो.

फिरवला. तिसऱ्या मुळात खोल एक पांढरी रेघ. सरळ. कापसात टाचणी राहावी तशी.

बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, त्या मुळात मी उतरलेच नव्हते. मग खुर्ची ओढून वन्संच्या समोर बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. आत सुईचं टोक आहे, तोंड शोधताना सुई घसरून माझ्याच हातून राहिलं असण्याची शक्यता आहे, मावशींच्या लक्षात आलं, उद्या काढायचा प्रयत्न करते, निघेलच असा शब्द देत नाही, नाही निघालं तर दात जाईल.

अशी कबुली मी कुठल्या डॉक्टरच्या तोंडून ऐकली नव्हती. मला वाटलं आता वन्सं आकाश-पाताळ एक करतील. त्यांनी एवढंच विचारलं, उद्या किती वाजता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

निघालं!

पावणेतीन तास. दातावर रबरी पडदा, त्यातून एकटा दात वर. वर बगळा. समोरच्या पडद्यावर दात म्हणजे विहीर झाली होती, तळाशी टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी चकाकत होतं. बाई त्याच्याभोवती बारीक थरथरणारी सुई फिरवत होत्या. जरा इकडं, जरा तिकडं. पाणी मारायचं, थांबायचं. मी पाणी ओढायची नळी धरून. अंगठा ठणकत होता पण हात हलू दिला नाही.

एकदम टोक उसळलं आणि वर आलं. बाईंनी ते काचेवर ठेवलं, बगळा त्यावर फिरवला.

काळं. गंजलेल्यासारखं, जाडसर, वर दातात भरलेल्या जुन्या मसाल्याचा थर. आमची सुई चांदीसारखी, केसासारखी. हे आमचं नव्हतंच.

अकरा वर्षांपूर्वीचं!

बाईंनी सगळ्यांना हिरवे चष्मे लावले, लेझरची बारीक तार मुळात घालून आतली घाण मारली. चटचट आवाज. पण माझं लक्ष वन्संकडे. औषध भरून झाल्यावर त्या उठून बसल्या, अर्धं तोंड बधिर, पडद्यावरच्या काळ्या तुकड्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे होतं," म्हणाल्या. "खरंच होतं काहीतरी."

बाईंकडे बघून नाही. माझ्याकडे बघून.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वन्सं आज गार पाणी प्यायल्या. पुन्हा प्यायल्या. मग पेला तसाच हातात धरून खिडकीशी बसल्या.

सहा वर्षं. मी नाव ठेवलं होतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरा स्कॅन काढला. दात स्वच्छ. मग आमचं टोक गेलं कुठे?

बाई म्हणाल्या, सुई पहिल्यापासूनच आखूड आली असेल, तुमच्या नजरेतून सुटली, जाऊ द्या. गोड बोलून म्हणाल्या. मला झोंबलं. चौथीपर्यंत शिकले, हिशेबात कच्ची, पण सुया कधी चुकले नाही! आणि चुकले असेन, तर ज्या बाईनं न केलेल्या पापाची कबुली दिली तिला ती मी द्यायला लावली.

पाण्याच्या नळीची जाळी उघडून पाहिली. ब्रश पिंजून काढला. केर चाळला. काही नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अंगठा भोपळ्यासारखा. चमचा धरता येईना. वन्संनी काही न विचारता माझं ताट समोर ओढलं आणि कालवून दिलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वन्संच घेऊन गेल्या, मनगटाला धरून. बाईंनी अंगठा बगळ्याखाली ठेवला. पडद्यावर माझं भेगाळलेलं कातडं, आणि त्यात आडवी एक चांदीची काडी. बाईंनी ती काढून बुटक्या सुईला लावली. पुरी झाली. सुई वापरलेली होती म्हणून माझं रक्त तपासायला पाठवलंय.

काढताना दात आवळून गप्प बसले होते. वन्सं कानाशी वाकून म्हणाल्या, "हाय म्हण की. कोणी नाव ठेवत नाही."