दारावरची पाटी मी पाहिलीच नाही

सोमवार, १२ जानेवारी. त्सुफेनहाउझेन, जर्मनी.
ब्रेक डिझाइन करून कंटाळलो. आता कंप्लायन्समध्ये, म्हणजे कंपनी कायदे पाळते का ते बघणाऱ्या खात्यात जायचं. इंग्लिश क्रिमिनल लॉचा ऑनलाइन कोर्स घेतला. जर्मन कायदा जर्मनमध्ये आहे, म्हणून इंग्लिश. बायकोने, स्वरूपाने विचारलं, इथे त्याचा उपयोग काय? तिला दूरदृष्टी नाही.

बुधवार, १४ जानेवारी.
मेन्स रिया. नुसतं कृत्य करून गुन्हा होत नाही, मनही दोषी लागतं. फार सुसंस्कृत कायदा. दूध उतू गेलं त्यात माझा हेतू नव्हता, हे स्वरूपाला समजावलं. ती म्हणाली, ओटा पूस.

रविवार, १८ जानेवारी.
समोरच्या फ्राउ क्यूब्लर आमच्या दाराला केअरवोखेची पाटी अडकवून गेल्या म्हणे. म्हणजे आठवडाभर जिना-पायऱ्या आपण झाडायच्या, बर्फ पडला तर तोही आपणच काढायचा. बीई मेकॅनिकल होऊन हे. बाई अठ्ठ्याहत्तरच्या, पण नियमाला पक्क्या. आमच्या लेकीला, इराला शाळेतून रोज त्याच आणतात, म्हणून बोलता येत नाही.

सोमवार, १९ जानेवारी.
मुद्दा सापडला. माहितीच नसेल तर दोष कसला? दारातून जाताना फोनमध्ये बघितलं, येताना बुटांकडे. पाटी पाहिलेली नाही.

मंगळवार, २० जानेवारी.
खिडकीबाहेर काहीतरी पांढरं. चष्मा काढून ठेवला होता, डोळ्यांना आराम म्हणून. स्वरूपा म्हणाली, रात्री पायऱ्या गोठतील, फ्राउ क्यूब्लर सकाळी आठला उतरतात. माझ्या कानात हेडफोन होते. अर्धवटच ऐकू आलं.

बुधवार, २१ जानेवारी.
आजचा धडा: मुद्दाम डोळे झाकणाऱ्याला माहीत होतं असंच कायदा धरतो. कोर्सचा दर्जा घसरतोय. तरी उद्या सहाला उठून पायऱ्या साफ करणार. अलार्म लावला.

गुरुवार, २२ जानेवारी. सकाळी नऊ.
अलार्म झोपेत बंद केला. झोपेतल्या कृत्याला हेतू नसतो.
फ्राउ क्यूब्लर पायरीवरून घसरल्या. स्वरूपा त्यांच्याबरोबर अँब्युलन्समधून गेली.

संध्याकाळी.
उजवं मनगट मोडलं. प्लास्टर. इरा जर्मनमध्ये विचारत राहिली, ओमा क्यूब्लर, म्हणजे तिच्या क्यूब्लर आजी, रडल्या का. नाही म्हणालो. रडल्या होत्या. मला फार वाईट वाटतंय.

शुक्रवार, २३ जानेवारी.
रेकलेसनेस: धोका दिसत असून तो पत्करणं. धडा अर्ध्यावर सोडला. खाली जाऊन पायऱ्या खरवडल्या, खडी टाकली.

रविवार, १ फेब्रुवारी.
या आठवड्यात फ्राउ क्यूब्लरांची पाळी होती, तीही मीच केली. कोर्सची परीक्षा आज होती. दिली नाही.
दुपारी फ्राउ क्यूब्लर एका हाताने केलेला सफरचंदाचा केक घेऊन आल्या. स्वरूपाला सांगत होत्या, घसरले ती चूक माझीच, बूट जुने होते. आणि हेर सोमण न सांगता माझी पाळी करतात, इतक्या चांगल्या मनाचा शेजारी चाळीस वर्षांत मिळाला नाही. बिल्डिंगभर सांगून झालंय म्हणे. मी खरं काय ते बोलायला तोंड उघडलं आणि डांके, थँक्यू म्हणालो.
त्या गेल्यावर स्वरूपाने सगळ्यांत मोठा तुकडा माझ्या ताटलीत वाढला आणि समोर बसून राहिली. मी तो काट्याने चिवडत बसलो.