म्हशीएवढे बेडूक

आई, परवा मला तुझा आवाज सापडला. सिकंदराबाद स्टेशनच्या वेटिंग हॉलमध्ये बसलो होतो, गाडी तीन तास लेट, म्हणून मोबाइलवर जुने टीव्हीचे सिनेमे धुंडाळत होतो. ते आपले जनावरांचे. आठवतं ना, दर रविवारी दुपारी तेलुगू चॅनलवर एक तरी लागायचाच. कारखान्याचं विषारी पाणी तळ्यात जायचं आणि मग मुंग्या कुत्र्याएवढ्या, नाहीतर कोळी रिक्षाएवढे व्हायचे, माणसांवर तुटून पडायचे. थेटरात कधी न लागलेले, टीव्हीसाठीच काढलेले स्वस्तातले परदेशी सिनेमे. जनावर इतकं खोटं की आधी हसू यायचं, मग भीती. एकदा एका मगरीच्या पोटावरची शिवण दिसली होती, शपथ, टाक्यांसकट. ताई म्हणे ती जखम आहे, आठवडाभर भांडलो त्यावर. ते जाऊ दे. सांगत होतो काय, त्या सिनेमांत माणसं किंचाळायची ती तेलुगूत, आणि त्या किंचाळ्यांत एक तुझी असायची.

हे कुणाला सांगितलं तर पटत नाही. शाळेच्या ऑफिसात मान खाली घालून दाखले लिहिणारी, भाजीवाल्याशीही हळूच बोलणारी तू, सुट्टीच्या दिवशी तारनाक्याला एका बंगल्याच्या तळघरात जायचीस आणि पाच-सहा बायकांबरोबर एकाच माइकभोवती उभी राहून ओरडायचीस. जनावरांचे आवाज तिकडूनच तयार यायचे, माणसांचे तेवढे इथे नव्याने भरायचे. तू म्हणायचीस, "बेडूक अमेरिकेचा, किंचाळी काचीगुड्याची." सराव स्वयंपाकघरात. कुकरच्या शिट्टीची वाट बघत उभी राहायचीस आणि शिट्टीच्या आड ओरडून घ्यायचीस, म्हणजे शेजारी ऐकू जाऊ नये. पप्पा पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "अजून किती शिट्ट्या? डाळीचं पाणी झालं असेल." आम्हा पोरांवर तू कधी एवढं ओरडली नाहीस. बाकीच्यांच्या आया ओरडायच्या. मला त्याचंही वाईट वाटायचं, बघ, किती उलटी खोपडी.

ते दिवस वेगळ्या राज्याच्या मागणीचे. आज बंद, उद्या रेल रोको, परवा विद्यापीठात लाठ्या. अशाच एका बंदच्या सकाळी डबिंगवाल्या सरांचा फोन आला. तुला पहिल्यांदाच घोळक्यातून बाहेर काढून भूमिका दिली होती, होडीत अडकलेल्या पोराच्या आईची. पोराचा आवाज द्यायला ठरलेलं कोणी बंदमुळे अडकलं, तर अम्मा, आपके बच्चों कू लेके आओ, असं सर म्हणाले. बस नाही, रिक्षा नाही. आपण तिघं काचीगुड्याहून तारनाक्यापर्यंत चालत निघालो. विद्यापीठाच्या बाजूने अश्रुधुराचा वास येतोय, डोळे चुरचुरतायत, तू आम्हा दोघांच्या तोंडाला ओढणी लावून भराभर ओढत नेतेयस. मी मात्र खुशीत. पडद्यावरचा पोरगा नऊ वर्षांचा, मीही नऊ वर्षांचा. ताई बारा वर्षांची आणि मुलगी. हिचं काय काम?

तळघरात अंधार, समोर छोटा पडदा. सर काचेपलीकडून म्हणाले, "चल मियाँ, मेंडक पानी में से निकलतेइच अम्मा करके चिल्ला." बेडूक निघाला. म्हशीएवढा, हिरवा, दोरखंडासारखी जीभ. मी जीव खाऊन ओरडलो, "आईऽऽ!"

"आई नक्को रे बावा, अम्मा. तेलुगू पिक्चर है."

पुन्हा बेडूक, पुन्हा आई. तेलुगू येत नव्हती असं नाही, गल्लीतल्या क्रिकेटच्या सगळ्या शिव्या मी तेलुगूतच देत होतो. पण तू शेजारी उभी होतीस, तुझी बाही माझ्या गालाला लागत होती. तुला अम्मा कसं म्हणायचं? तिसऱ्यांदा मनाशी घोकून उभा राहिलो तर तोंडातून काहीच निघेना. सर म्हणाले, "इसका मेंडक तो भूका मर जाएंगा." बायका हसल्या. तूही हसलीस.

मग ताई उभी राहिली. एका दमात, अम्माऽऽ, आणि झालं. मुलग्यांचे आवाज तिथे बहुतेक मुलीच देतात, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा कळलं असतं तर निदान मला आधी उभं केल्याचा दोष सरांना दिला असता. आणि मग तू तिला उत्तर दिलंस, "भयपडकु कन्ना, नेनुन्ना." घाबरू नको बाळा, मी आहे. घरात तू आम्हाला बाळा कधी म्हणाली नाहीस. "उठ मुडद्या, नळ जाईल," हाच आपला लाड. तो आवाज मी त्या तळघरात पहिल्यांदा ऐकला, आणि तो ताईला मिळाला. पडद्यावरच्या परक्या पोरासाठी होता, परक्या भाषेत होता, कबूल. पण ते बोलताना तुझा हात ताईच्या डोक्यावर होता, तो पडद्यावर दिसणार नव्हता. तो कशाला ठेवला होतास? परत येताना तू मला म्हणालीस, "वेळेला साधी हाक मारता येत नाही तुला." सहजच म्हणालीस, पायही दुखत असतील. तेव्हापासून मी कुठेच नीट टिकलो नाही, शाळा नववीत सुटली, बसवर क्लीनर झालो, मांडववाल्यांकडे स्पीकर उचलले, आता जो गाडीत बसवेल त्याच्याबरोबर जातो. त्याचा दोष तुझ्या त्या वाक्यावर टाकत नाही. कधीकधी टाकतो.

सिनेमा लागायचा होता त्या रविवारी तू विहारातल्या बायकांना बोलावलं होतंस, शाळेतल्या शिपाईमावशींनाही. तुकडे तुकडे बघत तू बोलली होतीस, अख्खा सिनेमा तूही पाहिला नव्हतास. मिरच्यांची भजी, चटया, ताईला नवा फ्रॉक. बायका तिला म्हणतायत, "हौ गं, तूच का तो पोरगा?" मी गच्चीवर गेलो आणि केबलच्या डब्यातून आपली वायर उपटली. पुरती आतून, वरून कळू नये अशी. खाली टीव्हीवर मुंग्या मुंग्या. कोणी म्हणालं आंदोलनवाल्यांनी चॅनल बंद पाडलं, आणि सगळ्यांना ते लगेच पटलं, तेव्हा काहीही पटायचं. तू भजी वाढत राहिलीस. "जाऊ द्या, परत लागेल," म्हणालीस. पुढचे कितीतरी रविवार तू पेपरातला कार्यक्रम बोट फिरवून बघायचीस, तेही मी बघत होतो, आणि गप्प होतो. राज्य झालं. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तू गेलीस. सिनेमा न बघताच गेलीस, आई, आणि तो मी बघू दिला नाही.

परवा सापडला तो हाच, आता तो माझ्या मोबाइलात आहे. प्रिंट खराब, रंग उडालेले, बेडूक निळसर दिसतात. पण आवाज स्वच्छ आहे. परवापासून किती वेळा लावला, मोजलं नाही. गंमत अशी, तुझं "नेनुन्ना" ऐकायचं तर आधी ताईची हाक ऐकावी लागते. बोट सरकवून बरोबर तुझ्यापासून लावायला बघतो, जमत नाही. तिची हाक संपायच्या आतच तुझं सुरू होतं. तू तिला पूर्ण ओरडूही देत नाहीस.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं, ते मला ठाऊक नाही आणि पाठवणारही नाही. पण काल ताईचा फोन आला होता. ती आता रेल्वेत आहे, तारनाक्यालाच क्वार्टर मिळालंय. म्हणाली, "अरे, पोरगी विचारते, आजी बोलायची कशी? माझ्याकडे आईचा आवाजच नाही कुठे. तो बेडकांचा सिनेमा दिसला तर सांग ना रे, तू दिवसभर मोबाइलातच असतोस."

"असला सिनेमा आता कुठं मिळतो गं ताई," मी म्हणालो.

"हौ, तेही खरंच," ती म्हणाली, आणि जेवलास का विचारलं.

फोन ठेवला आणि सिनेमा पुन्हा सुरू केला. तो मध्येच थांबवूनच मी तिचा फोन उचलला होता.