मलिद्याच्या ताटातलं केळं

३ जानेवारी १९९६, बुधवार. जर्सी सिटी

काय रे कागदा, विसरलास ना? परवा बजावून सांगितलं होतं, रविवारी मलिदा आहे, मला आठवण कर म्हणून. आज उघडला तर कोरा चेहरा! तुझ्यापेक्षा माझं डोकं बरं. त्यात एक अक्षर नाही, तरी सगळं राहतं.

हे लिहितेय माझी सून, सुमेधा. मी बोलते, ती उतरवते. "आई, हळू!" म्हणते. हळू कशी होऊ? रविवार चार दिवसांवर आलाय!

तर परत ऐक. माझी लेक रिबका इस्राएलात, अश्दोदला असते. नाव रिबका – ती शास्त्रातली रिबका परक्या माणसाच्या उंटांनाही विहिरीचं पाणी काढून पाजायची, आमची म्हणते, "आई, फ्रिजमधून घे." पण जीव लावते. फोनवर धोशा – "आता कायमची इकडे ये. इथे सगळे आपले आहेत." माझा मुलगा रूबेन म्हणतो, "तुझी मर्जी." तिकीट येऊन पडलंय.

मी रूबेनला, रिबकाला काही बोलले नाही. सरळ आमच्या नबीशी, एलियाहू हन्नाबीशी, नवसाची बोली केली. रविवारी तुझ्या नावानं मलिद्याचं ताट मांडते – गोड पोहे, खोबरं, फळं. या देशातल्या एका तरी परक्या माणसानं माझा मलिदा खाल्ला, तर मी इथेच राहीन. नाही तर निघाले! जिथे पाहुण्याचं पाऊल पडत नाही तिथे म्हातारीनं कुणासाठी चूल पेटवायची?

वर्ष झालं या बिल्डिंगीत. दाराला बेल आहे. वाजवतो एक पिझ्झावाला, तोही दार चुकून.

सुमेधा लिहिता लिहिता नाक ओढतेय. सर्दी झालीय म्हणे.

४ जानेवारी, गुरुवार

सगळे येणार! रूबेनच्या ऑफिसातले दोघे, सुमेधाच्या लायब्ररीतली एक बाई, सिनागॉगमधली दोन घरं. सुमेधा फोन करत सुटली होती. मी शेजारी उभी – "काय म्हणाले? काय म्हणाले?" "आई, येस म्हणाले!"

इंडियन दुकानातून पातळ पोहे आले, वेलची, जायफळ. फळं पाच तऱ्हेची. नारळ मी बाहेरच्या लोखंडी जिन्यावर फोडला. एका घावात! लगेच खालून झाडूचा दांडा – ठक ठक ठक.

त्या खालच्या मिसेस पर्लमन. माझ्याच वयाच्या, एकट्या. त्याही आमच्याच सिनागॉगच्या. पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये विचारलं, "इंडियन ज्यू? कधीपासून?" मी सुमेधाला म्हटलं, सांग त्यांना, तुम्ही विचारायच्या आधीपासून. हिनं नुसतं हसून दाखवलं.

त्यांना बोलावलं नाही. झाडूवालीला कशाला!

५ जानेवारी, शुक्रवार

आज रात्रीपासून शब्बाथ, उद्या शनवारभर काम नाही, लिहिणंही नाही, म्हणून दुपारीच बोलून घेते.

खोबरं किसताना शास्त्रातली सारा आठवली, अब्राहामाची बायको. भर दुपारी तीन परके पुरुष दारात. अब्राहाम पुढे धावला, वाकून नमस्कार, "या, बसा, पाय धुवा." मग तंबूत येऊन, "लवकर, तीन मापं पीठ मळ!" आदरातिथ्य त्याचं, मनगटं हिची. आणि मळून झाल्यावर, म्हातारपणी मूल होणार ऐकून बिचारी आतल्या आत हसली, तर लगेच देव विचारतो – "सारा का हसली?" घ्या! हसायचीही चोरी!

अन् ती सारफथची विधवा. दुष्काळ पडलेला. मडक्यात मूठभर पीठ, बुधल्यात थेंबभर तेल. आता एक भाकर करायची, पोरानं अन् तिनं खायची, मग मरायचं. तेवढ्यात आमचे एलियाहू हन्नाबी दारात. "आधी माझ्यासाठी कर. मग तुम्हाला." काय हे बोलणं! घरी कुणी वळण लावलं नव्हतं काय? पण बाईनं केली. ओळख ना पाळख, आधी त्याला दिली. अन् पीठ सरेना, तेल आटेना.

मी असते तर आधी पोराला दिली असती. म्हणून आमच्या घरात तेल संपायचं – अन् आम्ही तेल्यांचे! अलिबागेकडे आम्हाला शनवार तेली म्हणत. शनवारी घाणा बंद, म्हणून.

हे सगळं मी नवगावला आमच्या लोकांच्या कीर्तनात ऐकलेलं. मांडीवर पोर, कान पुढे.

सुमेधा म्हणते, "आई, तुम्ही नबींनाही सोडत नाही." अगं, रोजच्या माणसाला काय घाबरायचं!

७ जानेवारी, रविवार, सकाळ

बर्फ! रात्रभर पडला, अजून पडतोय. रस्त्यावरच्या मोटारी गायब, नुसते पांढरे उंचवटे.

फोनवर फोन. "सॉरी मावशी, कॅन्सल करावं लागतंय." लायब्ररीवाली कॅन्सल. सिनागॉगवाले कॅन्सल. रूबेन स्वतःच शिकागोत अडकला, विमानं बंद.

मी पोहे भिजवले. सुमेधा म्हणाली, "आई, कुणासाठी?" म्हटलं, बोली माझी आहे, बर्फाची नाही. नबी आगीच्या रथातून जातो-येतो, त्याला म्हणावं, जरा खालून चालव, रस्ता मोकळा होईल.

त्याच दिवशी, दिवे लागल्यावर

बेल वाजली! पिझ्झावाला नव्हे!

मिसेस पर्लमन. कोट, टोपी, पायात घरातल्या सपाता. त्यांचा फोन बंद पडलाय, बॉस्टनच्या मुलाला कळवायचं होतं. उंबऱ्यातच उभ्या. मी हाताला धरून आत ओढलं. हात बर्फासारखा.

फोन झाला. मी ताट पुढे ठेवलं. मधोमध मलिदा, वर खोबरं, कडेनं फळं, गुलाब. त्या मागे सरकल्या. "नो, नो, थँक यू."

सुमेधा म्हणाली, "आई, त्या कोशर पाळतात, खाण्याचे कडक नियम."

"मग आपण काय पाळतो, मांजर? विचार त्यांना, पोह्यात डुक्कर कुठे दिसलं?"

एवढं भाषांतर सुमेधानं केलं नाही. मग मला समजावलं – दुसऱ्याच्या घरचं भांडं चालत नाही, पाकिटावर रब्बींचा, धर्मगुरूंचा, शिक्का लागतो. लहानपणापासूनचं आहे. नाइलाज आहे त्यांचा.

मी बसून राहिले. बाहेर बर्फ, घरात मलिदा, समोर पाहुणी – अन् हात रिकामा!

त्या ताटाकडे बघत होत्या. मग हळूच एक केळं उचललं. बरोबरच! केळं आपल्या सालीत बंद. आतल्याला कुणाच्या भांड्याचा स्पर्श नाही. सोललं. अन् खाण्याआधी डोळे मिटून पुटपुटल्या – "बारूख अत्ता अदोनाय..."

जमिनीच्या फळाची ब्राखा, खाण्याआधीची प्रार्थना! केळीला आमच्यात झाड धरत नाहीत. मलिद्याला आम्ही म्हणतो तीच, शब्दाला शब्द! उच्चार जरा वाकडे, पण माझेही त्यांना वाकडेच वाटले असणार. मी खणखणीत "आमेन!" म्हटलं. त्या दचकल्याच. मग मी खजूर घेतला, झाडाच्या फळाची ब्राखा म्हटली. मग त्यांचं "आमेन" – एवढंसं, पण आलं!

सुमेधाला विचारू लागल्या, यांना कुणी शिकवलं? म्हटलं, सांग, आईनं. अन् तुम्हाला?

त्यांनी दुसरं केळं घेतलं.

८ जानेवारी, सोमवार

केळं धरायचं की नाही? सकाळपासून नबीशी भांडतेय.

बोली सुमेधानं स्वतःच्या हातानं उतरवलेली, काल रात्री परत वाचून काढली. तेव्हापासून वकिलीण झालीय. "आई, केळं ताटातलंच ना?"

"ताटातलं. पण पोह्याचा दाणा लागला नाही त्याला."

"ताट कशाचं होतं?"

"मलिद्याचं."

"मग!"

मग काय मग. मी मलिदा म्हटलं होतं, फळ म्हटलं नव्हतं. नबीला फसवून राहायचं नाही मला. माळ्यावरची बॅग काढ म्हटलं. काढली. झटकली नाही, पुसली नाही, दारात आदळली.

ही कुणाच्या बाजूनं भांडतेय ते काय मला कळत नाही? शास्त्रातली रूथही मवाबातून आलेली, परक्या लोकांतली. सासूला सोडेना. ही नागपूरची, बौद्धांच्या घरातली. रूथनं निदान तोंडानं सांगितलं. ही नाक ओढते.

(हे लिहायला तयार नव्हती. लिहायला लावलं.)

१० जानेवारी, बुधवार

बेल! मिसेस पर्लमन. हातात कोरं पातेलं, लेबल अजून चिकटलेलं. दुसऱ्या हातात नारळ. अख्खा! म्हणाल्या, खाली माझ्या किचनमध्ये चला, मलिदा करून दाखवा, मी खाईन. फक्त पोहे शिक्क्याचे पाहिजेत. अन् नारळ जिन्यावर फोडू नका!

मी पाहुणी! या देशात पहिल्यांदा!

बॅग माळ्यावर परत गेली. मी सांगायच्या आत. बोलीत रविवार म्हटलं होतं खरं. तेवढं, कागदा, तू विसर. तुला जमतं.

सुमेधा, लाव अश्दोदला फोन. सांग रिबकाला, माझी वाट बघू नको. पोहे पाठव. पातळ. पाकीट न फोडलेलं, वर रब्बींचा शिक्का चांगला ठसठशीत. अन् जास्त पाठव, खालची बाई खाणारी आहे.